साडूभाऊंची पाटावरची तालीम

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोपासून कल्याणच्या घाऊक बाजारापर्यंतचा भूगोल आमच्या साडूभाऊंइतका ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. आणि हा सगळा अभ्यास त्यांनी दर पाऊण तासाने, घाईघाईत केलेला आहे. कुठल्या हॉटेलात चहा न घेताही आत सोडतात, कुठल्या पेट्रोल पंपावरच्या संडासाला कडी नाही, कुठल्या बँकेचा वॉचमन कोकणातला असल्याने गाव विचारून आत शिरता येतं, सगळं तोंडपाठ. "राव, शहर ओळखावं ते मागच्या दारानं," असं वर मलाच ऐकवतात.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार डोंबिवली, वय छप्पन, आणि पोट त्यांच्या दोन मिनिटं आधी घरात येतं. एकदा लिफ्टचं दार त्या पोटाला अडून बंद होईना, तर "तुम्ही जरा श्वास आत घ्या," असं त्यांनी मला सांगितलं. पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण आणि सारखं उठावं लागणं म्हणजे किडनी ठणठणीत असल्याची पावती, अशी त्यांची वैद्यकी. "अहो, डॉक्टरला दाखवा एकदा," असं ताई म्हणाल्या की उत्तर ठरलेलं, "दाखवलं की काहीतरी निघतं."

पण सईचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न ठरलं आणि साडूभाऊंचं धाबं दणाणलं. कन्यादानाला तासभर पाटावर मांडी घालून बसायचं, आणि त्यात ताईंनी झारीतून त्यांच्या ओंजळीत पाण्याची बारीक धार धरायची! शेजारणीने कुंड्यांना पाणी घातलं तरी ज्यांची धावपळ उडते, त्यांच्या हातावर धार! "लेकीचा हात हातात असताना उठावं लागलं तर, राव?" त्यांनी विचारलं. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी डॉक्टरचं नाव काढलं. त्यांनी तालीम काढली. रोज संध्याकाळी हॉलमध्ये पाट, ताई झारी घेऊन, मी घड्याळ घेऊन. विक्रम एकोणीस मिनिटांचा. सई आतल्या खोलीत मेंदीची डिझाइनं बघत असायची. तिला काही कळत नाही, असा आमचा समज.

लग्नाच्या आदल्या दिवसापासून साडूभाऊंनी पाणी पिणं सोडलं. पण वधूपित्याला चहाला नाही म्हणता येत नाही. सकाळपासून आग्रहाचे सात कप झाले. गुरुजींनी "झारी उचला" म्हटलं आणि साडूभाऊंचा चेहरा असा झाला की मागे बसलेल्या दोन आत्या बापाची लेकीवरची माया बघून गहिवरून रडायला लागल्या.

"गुरुजी, थांबा," सई म्हणाली. "मला जाऊन यायचंय."

"अगं, आत्ता?"

"आत्ताच. बाबा, चला ना सोबत."

वरमाईच्या भुवया छताला टेकल्या. साडूभाऊ उठले आणि तिसऱ्या पावलाला त्यांनी नवरीला मागे टाकलं. शालूचा ओचा सावरत नवरी दाराबाहेर पहारा देत उभी, हे दृश्य अख्ख्या डोंबिवलीत मी एकट्यानेच पाहिलं असेल. परतल्यावर कन्यादान असं निर्विघ्न झालं की ताईंनी हौसेने झारी दोनदा भरली.

पाठवणीच्या वेळी सई त्यांच्या कानात म्हणाली, "चारचौघांत माझी अब्रू घालवून बसलेय तुमच्यासाठी. आता डॉक्टर."

गेले बिचारे. पोटाची चरबी, वाढलेली साखर आणि फुगलेली प्रोस्टेट, ही मंडळी बरेचदा एकमेकांना धरून येतात, असं डॉक्टरांनी समजावलं. "म्हणजे साडूच की!" मी म्हणालो. गोळी सुरू झाली, वडापाव सुटला, सकाळचं चालणं लागलं, पट्टा दोन भोकं आत गेला.

सई आता बंगळूरला असते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल दीड-दीड तास चालतो आणि साडूभाऊ जागचे हलत नाहीत. फक्त "चला बाबा, ठेवते," असं तिने म्हटलं, की ते लगबगीने उठतात, "थांब हं, जाऊन येतो." परवा मी सहज आत डोकावलो. साडूभाऊ बेसिनपाशी नुसतेच उभे होते.

"राव, बोलू नका कुठे," ते म्हणाले. "मी परत येत नाही तोवर ती फोन ठेवत नाही."