पहिलं पिंप तांडेलांचं

डिझेलच्या पंपावर डिझेल असलं की कुणाला बोलायला फुरसत नसते. टाकी कोरडी पडली की गप्पांना बहर येतो. ऐंशीच्या दशकात मिरकरवाडा बंदरावरच्या आमच्या पंपाची टाकी बहुतेक वेळा कोरडीच असायची. त्यामुळे माझ्याकडे किस्से भरपूर साठलेत.

लढाई इराण आणि इराकची, आणि लाँच बांधून बसलेला कोण, तर रत्नागिरीचा खारवी मच्छीमार! हे का, ते आम्हाला बापू समजावून सांगायचे. बापू म्हणजे आमचे मॅनेजर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि रिटायर झाल्यावर मच्छीमार सोसायटीच्या या पंपावर येऊन बसले. मी त्यांच्या हाताखाली क्लार्क. काम कमी, भूगोल फार.

*

आमच्या रांगेची एक रीत होती. माणूस घरी, पिंप रांगेत. रिकामं पिंप आणून लावलं की नंबर पक्का. मालक मग मच्छी विकू दे, नाहीतर घरी झोपू दे.

पहिलं पिंप कायम यशवंत तांडेलांचं. दुसरं हसनभाईंचं. डिझेल भरून लाँचवर उतरवलं की तांडेल दुसरं रिकामं पिंप लगेच त्याच जागेवर आणून ठेवत. ती जागा जणू त्यांच्या आजोबांनी सातबाऱ्यावर लावून घेतलेली. हसनभाईंनी पहिल्या नंबरसाठी किती वर्षं जीव टाकला, पण जमलं नाही.

तांडेलांचे चुलते गेले त्या दिवशी हसनभाईंना वाटलं, आज चान्स आहे. तिरडी बंदरावरूनच निघाली. तांडेल खांदा बदलून दोन मिनिटं पंपाशी थांबले आणि म्हणाले, "हसनभाय, पिंपाला हात लावलास तर दोघांना एकदम न्यायला लागेल."

*

एकदा मुंबईहून एक साहेब आले. देशाला तेल बाहेरून आणावं लागतं, म्हणून ते जपून वापरा, असं गावोगाव सांगत फिरत होते. अर्थात जीपने.

साहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, "परदेशी तेलावर जगणारा देश मान वर करून बोलू शकत नाही. म्हणून जवळ जायचं असेल तर इंजिन चालू करू नका. चालत जा."

तांडेल पिंपावर बसून मन लावून ऐकत होते. त्यांनी हात वर केला. "सायेब, पाण्यावरनं?"

*

तांडेलांचा मुलगा दिनू तेलाच्या जहाजावर खलाशी होता. आखातातून तेल भरायचं आणि मुंबईला आणून ओतायचं. लढाई सुरू झाल्यावर दोन्हीकडून त्या जहाजांवर बॉम्ब पडायला लागले. सगळ्या बंदराला वाटायचं, तेलाची जहाजं यावीत. तांडेलांना वाटायचं, ती तिकडे जाऊच नयेत. आणि डिझेलच्या रांगेत पहिलं पिंप त्यांचंच!

बापूंनी एकदा खडू घेतला आणि तांडेलांच्या पिंपाच्या झाकणावर आखात काढलं. "हे इराण. हा इराक. आणि हे होर्मुझ. एवढंसं तोंड आहे. अर्ध्या जगाचं इंजिन या तोंडावर चालतं. हे ज्याच्या हातात, त्याच्यापुढे अमेरिकासुद्धा गोड बोलते."

"भाट्याच्या खाडीसारखं," हसनभाई म्हणाले. "तोंडाशी गाळ आला की आपण सगळे घरात."

"बरोब्बर!" बापू खूश झाले.

तांडेलांनी विचारलं, "ह्यात दिनू कुठं?"

बापू जरा घुटमळले. मग त्यांनी होर्मुझच्या बाहेर, मोकळ्या समुद्रात एक ठिपका दिला.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या झाकणावर टोपली टेकली आणि ठिपका पुसला गेला. इराण, इराक दोघेही शाबूत. तांडेल तडक ऑफिसात आले. "मास्तर, बाकीचं जग ऱ्हाऊ दे. आधी माझ्या पोराला लावा."

त्यानंतर रोज सकाळी कुलूप उघडलं की बापू आधी तो ठिपका गिरवायचे, आणि पिंप बदललं की आखातासकट सगळं नव्याने काढायचे. त्यांनी तो कधीही आत, तोंडाच्या पलीकडे काढला नाही. जहाज आत गेल्याशिवाय तेल कसं भरणार, हे बापूंना, मला आणि तांडेलांनाही ठाऊक होतं.

*

पावसचे आप्पा बागायतदार. आंब्याच्या दिवसांत गाडीला डिझेल मिळावं म्हणून तेही आमच्या रांगेत यायचे. त्यांचा हापूस आखातात जायचा.

आप्पांना बघून बापूंना युक्ती सुचली. "आप्पा, अरब लोक तेल अडवून जगाला नमवतात. आपण हापूस अडवायचा! एक पेटी पाठवायची नाही. बघू या कसं डिझेल देत नाहीत!"

रांगेत टाळ्या पडल्या. देशासाठी कुणी काहीतरी करतंय, असं वाटून मलाही बरं वाटलं.

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. "देशासाठी एवढं करायलाच हवं. बंद करतो. जून लागू दे."

*

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं बोलायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या वर्षी हंगाम सुरू होत होता आणि पंपात थेंब नव्हता, म्हणून गाऱ्हाणं घालायला बापू पुढे झाले.

"हे समुद्रदेवा, अमेरिकेक सुबुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

"रशियाक सुबुद्धी दे! होर्मुझचा तोंड उघडा ऱ्हाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" हसनभाई आमच्या मागे उभे होते. त्यांचं "आमीन" थोडं उशिरा आलं, पण सगळ्यांत मोठ्यानं आलं. त्यांचे दोन मेव्हणे कुवेतला होते.

एवढ्यात तांडेल पुढे आले आणि त्यांनी बापूंच्या हातातला नारळ घेतला. "देवा, त्यांची जी काय मारामारी असंल ती जमिनीवर होऊ दे. पाण्यावर नको."

यावर "व्हय म्हाराजा" म्हणत बापूंनी डोळे पुसले. भूगोलाच्या मास्तरांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

दिवाळीला बापूंचे जावई आले. ते अलोऱ्याला, कोयना वीजप्रकल्पाच्या कॉलनीत इंजिनीयर. त्या दिवशी डिझेलची लॉरी आली आणि नेमकी लाइट गेली. पंप बंद. आम्ही हाताने दांडा फिरवत डिझेल काढत होतो. जावयांचीही पाळी लागली.

घाम पुसत हसनभाईंनी त्यांना विचारलं, "जावयबापू, वीज आपल्याच जिल्ह्यात, डोंगराच्या पोटात तयार होते ना? मग जाते कुठं?"

"बरीचशी मुंबईला," जावई ओशाळून म्हणाले.

तांडेल पिंपाला टेकून उभे होते. "माझा पोरगा पण तिकडंच गेला. इथं तयार होतं ते तिकडंच जातं."

*

दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, आखातात तेलाच्या जहाजावर हल्ला. जहाजाचं नाव सांगितलं नाही. बापूंनी रेडिओ बंद केला. चालू बातम्या त्यांनी बंद केल्या, हे पंपाच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

पुढच्या आठवड्यात लॉरी आली. तांडेलांनी पिंप पुढे सरकवलंच नाही. ते ड्रायव्हरकडे गेले. "हा माल कुठच्या बोटीतला?"

ड्रायव्हर घाटी, सरळ माणूस. "काका, मी वाशीचा पूल बघितलाय. बोट नाही बघितली."

बापूंनी समजावलं, "यशवंता, बोटीतून कच्चं तेल येतं. कारखान्यात सगळ्या बोटींचं एकत्र होतं. ते कसं कळणार?"

"टोपलीत मासळी पण एकत्र होते," तांडेल म्हणाले. "आपल्या जाळ्यातली आपल्याला कळते."

मग प्रत्येक लॉरीला हेच. आधी प्रश्न, मग डिझेल. पिंपाला नुसता धक्का लागला तरी एकमेकांची सात पिढ्यांची चौकशी करणारी आमची रांग, पण त्यांचा प्रश्न संपेपर्यंत एक माणूस हूं की चूं करत नसे. दिनूची खबर नव्हती. जहाजाच्या कंपनीत विचारलं की "कळवू" एवढंच उत्तर यायचं. मला त्या दिवसांत इराणचाही राग यायचा आणि इराकचाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या त्या कोरड्या टाकीचाही.

*

शिमगा तोंडावर आला. मुंबईचा चाकरमानी गावाकडे निघालेला, एस.टी.त पाय ठेवायला जागा नाही. आमचा पंप पुन्हा कोरडा. बांगड्याचे थवे किनाऱ्याला लागल्याची बातमी, आणि सगळ्या लाँच दोरीला. रांग पार जेटीपर्यंत गेलेली. त्या दिवशी पहिल्या नंबरला सोन्याचा भाव होता.

दुपारी लॉरी वळणावर दिसली आणि बंदरभर आरडाओरडा झाला. तांडेल उठले, धोतर सावरलं आणि ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"हा माल कुठच्या बोटीतला?"

ड्रायव्हर नुसता हसला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली. केबिनच्या पलीकडच्या बाजूने आवाज आला, "माझ्या."

दिनू खाली उतरला. दाढी वाढलेली, डाव्या हाताला बँडेज, खांद्यावर कापडी पिशवी. "गाडीत जागा नव्हती बाबा. ह्यांनी आणलं."

तांडेलांनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. बँडेजशी नजर थांबली. मग ते वळले आणि आपल्या पिंपाशी आले. झाकणावर त्या सकाळी बापूंनी गिरवलेला ठिपका होता. तांडेलांनी तो अंगठ्याने पुसला. मग पिंप आडवं केलं आणि ढकलत निघाले. हसनभाईंच्या पिंपासमोरून, आप्पांच्या कॅनसमोरून पुढे, जेटीपर्यंत, आणि रांगेतल्या शेवटच्या पिंपाच्या मागे नेऊन त्यांनी ते उभं केलं.

सगळं बंदर बघत होतं. हसनभाईंचं पिंप आयुष्यात पहिल्यांदा पहिलं झालं होतं. ते घाबरून धावत जेटीवर गेले.

"तांडेल, बरं नाय काय तुला?"

"बरा हाय," तांडेल म्हणाले. "माझं आलं. तुमी सगळे घ्या आधी."