अजिमाच्या पायऱ्या

नेपाळातल्या पाटणच्या मंगळबाजारात राईची पालेभाजी विकता विकता ज्ञानमाया महर्जन म्हातारी झाली. गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं, तेव्हा गल्लीनं तिची आशाच सोडली होती. सून रत्नशोभा मात्र रोज तिच्या पायांना मोहरीचं तेल चोळत बसे. वसंत आला आणि म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली.

मग नवस फेडायची गोष्ट निघाली. मुलगा आसकाजी पशुपतीला बोलला होता, सून 'बौद्ध' नावाच्या ठिकाणच्या मोठ्या स्तूपाला. एका दिवसात सगळं उरकायचं ठरलं.

"पहाटे पशुपती," आसकाजी म्हणाला, "दुपारी त्याचं दार लागतं. मग बौद्ध. शेवटी स्वयंभू. टॅक्सी सांगितलीय."

"आणि मी काय बोलले, ते कुणी विचारलं?" ज्ञानमाया चहाचा पेला खाली ठेवत म्हणाली. "स्वयंभूच्या टेकडीवरल्या अजिमाकडं, आपल्या आजीदेवीकडं, मी माझ्या पायांनी येईन, असं बोललेय. दिवसभर हिंडवून संध्याकाळी तिथं नेलंस, तर पाय राहतील का माझे? आधी अजिमा!"

"आणि पशुपती?"

"संध्याकाळी उघडतोच की. बौद्धला तर दारच नाही, दुपारी कोण अडवतंय?"

"आई, तुला मंत्री करायला हवं होतं."

"राई कोण विकणार होतं मग, तुझा बाप?"

रत्नशोभा पदराआड हसली. पहाटे तिनं कोरडे पोहे, भाजलेले सोयाबीन, उकडलेलं अंडं असा अजिमाचा नैवेद्य बांधला. गल्लीतल्या गणपतीला हात जोडून मंडळी निघाली.

टॅक्सीनं मागल्या वाटेनं वर सोडलं. तरी पायऱ्या उरल्याच. काही चढून झाल्यावर ज्ञानमाया कठड्याला धरून थांबली.

आसकाजी पुढं वाकला. "बस पाठीवर. देवी रागावणार नाही."

"देवी नाही रागावणार. मी रागावेन. हो बाजूला."

म्हातारी जागीच उभी राहिली. श्वास भात्यासारखा चालला होता. खाली अवघं खोरं धुक्यात बुडालं होतं. परत फिरावं लागतं की काय, या भयानं तिचे डोळे भरले.

रत्नशोभा पुढं झाली. तिनं सासूचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि स्वतःचं पाऊल पुढच्या पायरीवर टाकून थांबली. म्हातारीचं पाऊल आलं. मग पुढची. माकडं वाट सोडून कठड्यावर जाऊन बसली.

अजिमाच्या दारात बौद्धधर्मी पुजाऱ्यानं नैवेद्य घेतला. शेंदराचं बोट म्हातारीच्या कपाळाकडं नेलं. तिनं मान मागं घेतली आणि सुनेला दंडाला धरून पुढं ओढलं.

"आधी हिला लावा, गुरुजी."

"नवस कुणाचा?"

"माझा. पण हिवाळाभर या पायांना हिनं तेल चोळलंय. हिच्याविना हे पाय इथं आलेच नसते."

रत्नशोभाचं कपाळ लाल झालं. मग म्हातारीनं आपलं पुढं केलं.