दोन आडव्या रेघा

घड्याळजींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की त्याला कुणी आवरू शकत नसे. घड्याळ दुरुस्त होऊन हातात पडलं, तरी गिऱ्हाईक गोष्ट संपेपर्यंत स्टुलावरून उठत नसे.

मग अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, बोलणं नाही. डोक्यात शब्द तयार असायचा, पण जिभेवर यायला वेळ घ्यायचा. म्हणून बोलण्याआधी ते टेबलावर बोटाने दोनदा टकटक करत. म्हणजे, थांबा, येतोय. बायको थांबायची. बाकीची माणसं भली, पण घाईची. घड्याळजींचं वाक्य स्वतःच पुरं करायची, आणि तेही भलतंच. हळूहळू घड्याळजींनी लोकांसमोर टकटक करणं सोडलं. आलेल्याकडे बघून नुसते हसायचे. ते हसू बायकोला बघवेना.

ती जन्मभर टायपिस्ट. एके दिवशी म्हणाली, “अहो, ब्लॉग काढू या. तिथे कुणी मध्ये तोंड घालणार नाही.”

घड्याळजींना पटलं. ते एका बोटाने लिहू लागले. जिथे बोलताना टकटक केली असती, तिथे दोन आडव्या रेघा मारायचे. ही खूण बायकोच्याच जुन्या टाइपरायटरवरची. ब्लॉगचं नावही त्यांनीच ठरवलं: ‘-- थांबा, सांगतो’.

बायकोने सर्व्हरवर जागा घेतली, सूचना वाचत वाचत ब्लॉगचं सॉफ्टवेअर चढवलं. शेवटच्या पानावर ब्लॉगचं नाव, पासवर्ड भरून बटण दाबलं, तर समोर पाटी: प्रवेश निषिद्ध. फोल्डरच्या परवानग्या तपासल्या, फाइली पुन्हा चढवल्या, ब्राउझर बदलला. पाटी हलेना. तिच्या नाकी नऊ आले.

घड्याळजी मागे बसून बघत होते. “राहू दे,” ते म्हणाले. “त्यालाही... घाई असेल.”

चेष्टाच होती ती, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ते उठून गॅलरीत गेले. आता ते पुन्हा खुर्चीवर येणार नाहीत, असं तिला वाटलं.

घोडं कुठे पेंड खातंय? टाइपरायटर अडला की ती एकेक कळ दाबून बघायची. तसंच केलं. नावाच्या जागी नुसतं ‘चाचणी’ लिहिलं, आणि सॉफ्टवेअर निमूट बसलं. आत जाऊन नाव बदलायला गेली, तर पुन्हा पाटी. रेघा गाळून ‘थांबा, सांगतो’ लिहिलं, चाललं. रेघा घातल्या; अडलं.

तिने सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. मदतीला बसलेल्या मुलीने नोंदी पाहिल्या.

“काकू, सर्व्हरच्या सुरक्षेने अडवलंय. डेटाबेसच्या भाषेत दोन आडव्या रेघा म्हणजे, यापुढचं सोडून द्या. घुसखोर हीच युक्ती वापरतात.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.”

मुलगी हसली. “तसंच काहीसं. रेघा काढून टाका, काम होईल.”

यापुढचं सोडून द्या. बायकोला एकदम रडू आलं. सगळं जग इतके दिवस त्या टकटकीचा हाच अर्थ लावत होतं. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि गॅलरीतून नवऱ्याला हाक मारून आणलं.

“अहो, या म्हणतात, रेघा काढून टाका. टाकू?”

घड्याळजींनी टेबलावर दोनदा टकटक केली.

“हॅलो? आवाज तुटतोय का?” मुलीने विचारलं.

“नाही, जरा थांबा. ते बोलताहेत.”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“नको,” घड्याळजी म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “तेवढा वेळ... मला लागतो.”

मुलीने आपल्या पडद्यावर ती नोंद पुन्हा उघडली. मग म्हणाली, “काका, तेवढा एकच नियम तुमच्या साइटपुरता बंद करते. बाकीचा पहारा चालू राहील. आता बघा.”

बायकोने बटण दाबलं. पान उघडलं, आणि माथ्यावर नाव आलं, रेघांसकट. घड्याळजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“काका,” मुलीने विचारलं, “पहिली गोष्ट कशाची?”

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. मग बोट उचललं आणि टेबलावर दोनदा टकटक केली.

फोनवरची मुलगी थांबली.