परीक्षेचा डबा

मी रोज बारा जणांचा स्वयंपाक करायचे आणि त्यातलं जवळजवळ काहीच मला खाता यायचं नाही. आज हे मी बिनदिक्कत लिहिते आहे, पण त्या वेळी बाहेर फुटलं असतं तर माझे डबे दुसऱ्या दिवशी बंद पडले असते. ज्या बाईला स्वतःच्याच फोडणीने उमासे येतात, तिच्या हातचं कोण खाईल?

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. गच्च्यांवरून केबलच्या तारा नुकत्याच लोंबायला लागल्या होत्या आणि शेजारची मंडळी दर रविवारी गुडगावला नवे फ्लॅट बघायला जायची, घ्यायचे असोत वा नसोत. माझ्या वाट्याला त्या नव्या दिवसांतून आलं ते डब्यांचं काम. मोठा रस्ता ओलांडला की मुनिरका. तिथल्या भाड्याच्या खोल्यांतून आपल्याकडची मुलंमुली सिव्हिल सर्व्हिसेसचा अभ्यास करायची आणि राजमा-छोले खाऊन खाऊन पोळी-भाजीसाठी आसुसलेली असायची. सकाळी मी डबे भरायचे, आणि हे ऑफिसला जाण्याआधी स्कूटरला पिशव्या लटकवून ते पोचवून यायचे. ऑफिसात हाताखाली आठ माणसं असलेला हा गृहस्थ मुनिरक्याच्या गल्लीत उभा राहून "डबेऽऽ" अशी हाक मारायचा. त्यांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही, आणि मला त्याचा तेव्हाही अभिमान वाटायचा.

दुखणं त्याआधीपासूनचं. जेवण पोटात गेलं की तिथेच ठाण मांडून बसायचं. आंबट पाणी घशाशी यायचं, छातीत जळजळायचं, आणि दिवसभर एक मळमळ, जी एकदाची उलटी होऊन सुटकाही करायची नाही. सुरुवातीला शेजारच्या पंजाबी भाभीजी डोळे मिचकावून "कोई खुशखबरी है क्या?" असं विचारायच्या. वर्ष उलटलं तसा त्यांनीही नाद सोडला. शेवटी मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दुर्बीण घालून तपासणी झाली. नंतर डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, कल रात राजमा खाया था ना?" मी चौदा तास उपाशी होते आणि राजमा आत जसाच्या तसा होता. पोट फार सावकाश चालतं, आम्ल उलटं वर येतं, हे पुरतं बरं होईलच असं नाही, सांभाळून राहा, असं त्यांनी सांगितलं.

मग मी सांभाळायला शिकले. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या. जेवणाआधी अर्धा तास गोळी. ताटभर जेवणं बंद, दर अडीच तासांनी मोजके घास: मऊ भात, फोडणी न दिलेलं मुगाचं वरण, साळीच्या लाह्या. चहा सोडला. दिल्लीच्या जानेवारीत चहा सोडणं म्हणजे काय, ते ज्याने सोडलाय त्यालाच विचारा. आजूबाजूच्या घरांतून समोसे तळल्याचा वास येत असे तेव्हा, संध्याकाळी सहाला, माझं रात्रीचं जेवण उरकलेलं असायचं. फोडणी घालताना डाव्या हातात लिंबाची फोड धरून ती हुंगत राहायचे. मीठ-तिखट सगळं हाताच्या अंदाजाने. अगदीच अडलं तर जिभेच्या टोकावर एक थेंब, आणि लगेच चूळ. एकदाही मीठ चुकलं नाही. ही फुशारकी आहे, पण ती मी कमावलेली आहे.

हे सगळं फक्त ह्यांना ठाऊक होतं. मुलांना मी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांच्यासमोर मी म्हणजे ठणठणीत काकू.

मुख्य परीक्षा दिवाळीच्या सुमारास असायची. दिवसाला दोन पेपर, तीन-तीन तासांचे. त्या दिवसांसाठी मी एक खास डबा करायचे. मुलांच्या आयाही गावाहून लिहायच्या, पेपरच्या दिवशी पोरांना काहीतरी गोडाधोडाचं द्या म्हणून. तर पुऱ्या, बटाट्याची भाजी, तुपात निथळणारा शिरा, आणि वर छोट्या वाटीत दही-साखर. डबा उघडल्याबरोबर घरची आठवण यावी असा. मला त्या डब्याचा भारी तोरा होता.

माझ्या डब्यावर लातूरकडची एक मुलगी होती. पोळी जराशी करपली तर रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून कळवणारी ती एकटीच. आधी मला तिचा राग यायचा, पण चिठ्ठी खरी असायची, म्हणून पुढे पुढे तिचा धाक वाटायला लागला. त्या वर्षी परीक्षेच्या पहिल्याच दिवशी, दुसऱ्या पेपरला चाळीस मिनिटं उरली असताना, ती तोंडावर रुमाल दाबून हॉलबाहेर गेली. परत येऊन लिहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ते वर्ष तिथेच संपलं.

दोन दिवसांनी ती डबा परत करायला स्वतः घरी आली. डबा घासून लख्ख केला होता.

"काकू, शिरा फार छान होता," ती म्हणाली. "सगळा संपवला मी. माझंच पोट नाजूक आहे हो. परीक्षा आली की ढवळायला लागतं."

तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं. ती सगळ्यांत खोड काढणारी मुलगी त्या दिवशी मला दोष देत नव्हती, आणि माझी मान वर होईना. कारण भेदरलेल्या पोटात तुपाचा शिरा गेला की काय होतं, ते त्या अख्ख्या वसाहतीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असून मी तो पाठवला होता. डबा दिसायला चांगला दिसावा म्हणून.

मी तिला बसवलं आणि सांगून टाकलं. "अगं, मला रोज मळमळतं. सहा वर्षं झाली. तुमच्या डब्यातलं मी काही खात नाही."

मला वाटलं, आता ही उठणार आणि संध्याकाळपर्यंत मुनिरकाभर होणार.

"मग तुम्ही काय खाता?"

मी कोपऱ्यातलं छोटं पातेलं उघडून दाखवलं. मऊ भात आणि पिवळं वरण. तिने वाकून वास घेतला.

"मग मला हे का नाही दिलंत?"

"हे काय डब्यात द्यायचं असतं? आजाऱ्याचं खाणं ते."

"मी आजारीच होते ना, काकू!"

तिची आता एकच संधी उरली होती, हे तिने जाता जाता सांगितलं. त्या संधीला ही मुलगी शेवटच्या घंटेपर्यंत जागेवर बसून लिहील, असं मी मनाशी ठरवलं. तिला विचारलंही नाही.

आधी तिला डॉक्टरकडे नेलं. आम्लपित्त निघालं, औषध सुरू झालं. मग आमची तालीम सुरू झाली. ती सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन चार घास खायची, समोरच्या टेबलाशी ताठ बसायची आणि घड्याळ लावून तीन तास लिहायची. मध्ये आडवं होणं नाही, घटाघटा पाणी पिणं नाही. काय मानवतं आणि काय नाही, ते आम्ही एकेक करून ताडून पाहिलं. दही तिला सोसेना, उकडलेला बटाटा सोसायचा. पोहे चालायचे, पण कांद्याशिवाय. ती माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर भांडायची. "यार काकू, लाह्यांवर कोणी आयएएस झालंय का?" मी म्हणायचे, "शिऱ्यावर झालेलं बघितलंस ना?" मग निमूट खायची. सहा महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. माझी गोष्ट मात्र तिने कुणालाही सांगितली नाही, शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीलासुद्धा नाही.

पूर्वपरीक्षा ती पुन्हा पास झाली, आणि दिवाळीच्या तोंडावर मुख्य परीक्षेचा पहिला दिवस आला. तिला मी केंद्रावर एकटीला पाठवणार नव्हते. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत तिने बाहेरचं काही खाल्लं तर सगळं मुसळ केरात. तेव्हा सकाळी तिच्याबरोबर बसने गेले आणि त्या शाळेच्या फाटकाबाहेर सतरंजीचा तुकडा टाकून बसले. माझ्या डब्यावरची आणखी चार मुलं त्याच केंद्रावर होती. त्यांना मी नेहमीचा परीक्षेचा डबा दिला होता, फक्त शिरा गाळून. तेवढाच काय तो शहाणपणा मला सुचला होता.

साडेबाराला ती बाहेर आली. अर्धी वाटी भात खाल्ला, माझ्याबरोबर फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, मग उरलेला खाल्ला. पुन्हा आत गेली. मी तिथेच बसून राहिले. माझ्या खाण्याच्या दोन वेळा चुकल्या, गोळी घरीच राहिली होती. तीन वाजता शेजारी बसलेल्या एका मुलाच्या वडिलांनी थर्मासातला चहा पुढे केला. "लीजिए बहनजी, घबराइए मत." हात इतके गार पडले होते की मी तो घेतला. एक नाही, दोन कप.

पाच वाजता घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला, आणि सगळ्यांत शेवटी ती. बोटांना शाई, केस विस्कटलेले. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काकू, घंटा झाली तेव्हा मी लिहीत होते."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. ते राहिलं बाजूला. मी कशीबशी उठले, भिंतीचा आधार घेतला आणि तिथेच, भर गर्दीत, मला उलटी झाली. चहा, आम्ल, सगळं. ती माझी पाठ चोळत होती. मान वर केली तर माझ्या डब्यावरची चारही मुलं समोर उभी. त्यातला सर्वांत धिप्पाड, आठ पोळ्या खाणारा मुलगा जवळ आला.

"काकू, काय झालं? तब्येत बिघडली का?"

उपासाचं निमित्त सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण शेजारी ती उभी होती, आणि मला लपवण्याचाच एकदम संताप आला.

"बिघडलेली नाही. माझं हे रोजचंच आहे," मी म्हणाले. "सात वर्षं. ह्याच पोटाने तुमच्या पोळ्या लाटते. नको असतील तर आत्ताच सांगा."

मग तो धिप्पाड मुलगा खाली बघत हळूच म्हणाला, "काकू, उद्या मलाही हिच्यासारखाच डबा मिळेल का? आज दुसऱ्या पेपरला मी दोनदा बाहेर गेलो."

दुसऱ्या दिवशी मी पाचही जणांना मऊ भात दिला. मग ती परीक्षा संपेपर्यंत आमच्या क्वार्टरमधून पुरी-शिऱ्याचा वास आला नाही. पुढच्या वर्षी तर मुनिरक्यातून माझ्या डब्यावर नसलेली मुलंही येऊन विचारायला लागली, परीक्षेचा डबा इथेच मिळतो ना? डबे एकही बंद पडले नाहीत.

ती मुलगी मुलाखतीपर्यंत पोचली आणि शेवटच्या यादीत राहिली. हे सांगितलं की लोक "अरेरे" म्हणतात. मला त्यांचा राग येतो. तिने सगळेच्या सगळे पेपर जागेवर बसून लिहिले. नापास व्हायचं तर तिच्या उत्तरांनी व्हावं, पोटाने नाही, एवढंच आम्ही ठरवलं होतं आणि तेवढं आम्ही करून दाखवलं. पुढे ती कॉलेजात शिकवायला लागली, तेही छानच झालं. पण माझी मान ताठ आहे ती त्या पेपरांसाठी.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरी आली. मी ओट्याकडे वळले तर तिने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. भात तिने लावला, वरण तिने घोटलं. दिल्लीतल्या इतक्या वर्षांत मी असंख्य घरी जेवले होते, मराठी आणि पंजाबी, आणि प्रत्येक ठिकाणी "अजून थोडं", "एवढंच?", "हमारे यहाँ का अच्छा नहीं लगा?" ऐकत, हसत हसत गिळत, घरी येऊन रात्र बसून काढली होती. तिने माझ्या ताटलीत चार घास वाढले, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि समोर बसली. माझं संपलं तरी काही म्हणाली नाही. ताटली उचलून घासायला घेऊन गेली.