बेंबीवरचं माप

दत्ताराम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यानेच आठ दिवसांपूर्वी कमरेत आत घेतलेली पँट चढवत होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो. सकाळी बाहेरून आले, पडवीत बसले, पाणी मागितलं... मी तांब्या घेऊन आले तर मान कललेली." मी एका पायात पँट, एक पाय उघडा, तसाच पलंगावर बसून राहिलो. महाडहून पोलादपूरला जायला एसटीने अर्धा तास लागतो. त्या दिवशी कुठली गाडी पकडली, हेही मला आठवत नाही.

आता महिना होऊन गेला. लोक विचारतात, काय झालं होतं त्याला? मला सांगता येत नाही. हार्टचा त्रास म्हणावा, तर छातीत कधी दुखलं नव्हतं. डायबेटिस म्हणावा, तर साखर थोडीशीच जास्त होती. प्रेशर थोडं, रक्तातली चरबी थोडी, पोट थोडं पुढे. अशा थोड्याथोडक्याने अडुसष्टाव्या वर्षी धडधाकट माणूस जातो का? डोकं चालत नाही माझं.

दत्ताराम शिंपी. पोलादपूरच्या बाजारात त्याचं दुकान. कशेडीकडे जाणारे ट्रकवाले उसवलेल्या पँटी त्याच्याकडून टाके मारून घ्यायचे आणि पुढे घाट चढायचे. मी महाडच्या एमआयडीसीत टाइमकीपर म्हणून लागलो आणि लग्नाची पँट शिवायला त्याच्याकडे गेलो, तिथून आमची दोस्ती. त्याचा एक नियम होता. कमरेचं माप तो कधी मोठ्याने बोलायचा नाही. "गिऱ्हाईक लाजतं रे," म्हणायचा. शिवाय प्रत्येक पँटीच्या मागच्या शिवणीत दोन इंच जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचा. दोन-तीन वर्षांनी मी पँट घेऊन गेलो की हसत शिवण उसवायचा. "अंग धरलंस! वैनीच्या हाताला चव हाय." आमच्याकडे पोट सुटलं की माणूस सुखाला लागला म्हणतात. मुंबईहून कोणी बारीक होऊन आला, तरच घरचे काळजी करतात.

त्याचंही पोट सुटत होतंच. मुलाने शिलाई मशीनला मोटर बसवून दिली आणि दिवसभर पायडल मारणारे त्याचे पाय त्या दिवसापासून स्वस्थ बसले. दिवसाला पाच चहा, सोबत खारी. पण तो छातीठोकपणे सांगायचा, "पंधरा वर्सं झाली, माझी पँट छत्तिसाचीच हाय!" आणि ते खोटं नव्हतं. पँट छत्तिसाचीच होती, फक्त दरवर्षी थोडी खाली सरकत होती.

हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, पोलादपूरच्या आरोग्य शिबिरात. एक तरुण डॉक्टरबाई टेप घेऊन त्याच्या बेंबीवरून माप घेऊ लागली, तर हा तिचा हात धरून तिलाच शिकवायला लागला.

"बाय, कंबर पट्ट्याखाली मापतात. जल्म गेला माझा यात. छत्तीस हाय."

"काका, मला पँट नाही शिवायची," ती म्हणाली.

बेंबीवर बेचाळीस भरलं. माझं एक्केचाळीस. रक्ताचे रिपोर्टही आमचे भावाभावांसारखे निघाले. तिने दोघांना समोर बसवून सांगितलं, की याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. साखर, प्रेशर, चरबी, पोट, ही सगळी थोडी थोडी वाढली, तरी एकत्र आली की उतारवयात हार्ट अ‍ॅटॅकचा, पॅरालिसिसचा धोका वाढतो. चाला, खाणं आवरा, आणि महाडला जाऊन गोळ्या लिहून घ्या.

बाहेर आल्यावर दत्ताराम म्हणाला, "समदं थोडं थोडं हाय म्हणजे काय नायच ना? तू शिकलेला, तू सांग."

मी घाबरलो होतो. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. म्हणून म्हणालो, "काही नाही रे, वय झालं की होतंच." त्याचा चेहरा खुलला. मग आम्ही समोरच्या हॉटेलात जाऊन भजी खाल्ली.

पुढे महिन्याभरात माझ्या मुलीच्या हातात तो रिपोर्ट पडला. तिने मला दरडावून डॉक्टरकडे नेलं. रोज दोन गोळ्या सुरू झाल्या, साखरेचा डबा फळीवर गेला, सकाळी चवदार तळ्याला फेऱ्या मारू लागलो. दत्तारामला मात्र बोललो नाही. काय सांगणार? मीच 'काही नाही' म्हणालो होतो ना! मग पँटी सैल होऊ लागल्या. गेल्या वर्षी पहिल्यांदा मी आत घ्यायला पँट नेली, तेव्हा त्याने टेप लावला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिला.

"बारीक झालास रे. काय करतोस काय?"

"चालतो," मी म्हणालो.

"नुस्ता चालतोस?"

"नुसता चालतो."

...एवढंच. खिशात गोळ्यांची पाकिटं होती.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला दुकानात नेलं आणि त्याचा टेप हातात ठेवला. "तुम्हीच न्या," म्हणाल्या. पिवळा, कडा झिजलेला टेप. बेचाळीसवर बॉलपेनची एक बारीक रेघ होती, मग साडेएक्केचाळीसवर, मग एक्केचाळीसवर.

"या रेघा कसल्या?" मी विचारलं.

"त्यांच्या पोटाच्या. तुमची पँट आत घेतली ना, तवापासून रोज सकाळी हायवेला चालायला जायचे. दर सोमवारी बेंबीवरून टेप लावायचे. मी किती म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखवा, गोळ्या घ्या. तर म्हणायचे, वसंता कुठं गोळ्या घेतो? तो नुस्ता चालून बारीक झाला. मी पन व्हतो का नाय बघ."

टेप गुंडाळला आणि एसटीत बसलो. माझ्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, गोळ्या घेऊनही गेला असता कदाचित, नसताही. हे उत्तर मी रोज उलटसुलट करून बघतो. तो गेला त्यात माझा वाटा किती, हे कुणाला विचारावं, हेच कळत नाही.

टेप माझ्या खोलीत, गोळ्यांच्या डब्याशेजारी खुंटीला आहे. दर सोमवारी मी तो बेंबीवरून लावतो आणि माप मोठ्याने बोलतो. हे सगळं लिहून मी पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवतोय; ती पोलादपुरात वहिनींकडे येते. वहिनी, मी गोळ्या घेत होतो.