सखुबाईला काढायला आलेली माणसं

उरणच्या बाजारात पिंपळाच्या पाराशी वालाच्या शेंगा आणि माठाच्या जुड्या घेऊन बसते ती सखुबाई. त्या जागेवर आधी तिची सासू बसायची. नवऱ्याचं मिठागर कंटेनरच्या यार्डाखाली गेलं, पोरगा ट्रेलर घेऊन महिना महिना बाहेर, घरात सुनेचं राज्य. उरली काय, तर ही बसण्यापुरती जमीन. इथे तिला कोणी ऊठ म्हणत नाही.

आणि नेमकी त्याच जागेवरून ठमाबाईने कंडी पिकवली होती. ठमाबाई म्हणजे शेजारची सुकटवाली. तिच्या तोंडाला कुलूप नाही. म्हणे, "रस्ता मोठा करनार हायेत. बसनाऱ्या बायांना काढनार." झालं! तेव्हापासून सखुबाई प्रत्येक अनोळखी माणसाकडे संशयाने बघू लागली.

रविवारी भर गर्दीत दहा-बारा जण आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात कॅमेरे. कोणी तराजूचा फोटो घेतोय, कोणी नुसत्या चपलांचा. चपलांचा! सखुबाईला काही उमजेना. मोजणीवाले म्हणावेत तर फीत नाही, लग्नाचे म्हणावेत तर नवरी नाही.

त्यातली एक पोरगी, नेत्रा तिचं नाव, थेट समोर उकिडवी बसली आणि गोड हसून म्हणाली, "मावशी, तुम्हाला काढू का?"

सखुबाईचं डोकंच फिरलं. "मना काढतेस? तू कोन गं मना काढनारी? माझी सासू हितं बसली, मी पन हितंच बसनार!" हातातली माठाची जुडी तिने अशी उगारली, की पोरगी मागच्या टोमॅटोंवर बसता बसता वाचली.

"अहो, फोटो! फोटो काढू का म्हणतेय! नवी मुंबईचा फोटो क्लब आहे आमचा!"

आख्खा बाजार हसला. ठमाबाईने तर पदर तोंडात कोंबला. सखुबाई ओशाळली, पण डोक्यातला घोळ काही सुटेना. सुट्टीच्या दिवशी नवी मुंबईहून यायचं, भाजी घ्यायची नाही, आणि चपलांचे फोटो?

"कशाला पन?"

"आवड म्हणून, मावशी."

आवड! बरं बाई.

मग तिच्या मनात आलं, फोटो म्हणजे पुरावाच की. उद्या कोणी उठवायला आलंच, तर दाखवता येईल. ती सावरून बसली. "हे बघ, तोंड नको. पार घे, पिंपल घे, माझी पाटी घे. जागा काढ, जागा!" बोलली आणि जीभ चावली. आपल्याच तोंडाने हे काय भलतंच!

नेत्राने पुढे येऊन, मागे जाऊन, मान वाकडी करून फोटो घेतले आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. सखुबाईने डोळे बारीक केले. सुरकुती न् सुरकुती, नाकातली चमकी, कपाळावरचा घाम, सगळं लख्ख. मागे नुसतं धुकं.

"पार कुटं हाय?"

"तो मुद्दाम पुसट केलाय, मावशी. तुमचा चेहरा उठून दिसावा म्हणून."

"उठून?" सखुबाईने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. "मंग काढलीसच ना गं माझी जागा!"

आता गोंधळली ती नेत्रा. "नाही हो मावशी, छान आलाय फोटो," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

एका गिऱ्हाइकाने वालाचा भाव विचारला. सखुबाईला ऐकूच आलं नाही. दोन्ही तळवे जमिनीवर दाबून ती तशीच बसली होती.