विहिरीवर न गेलेली मावशी
अन्याय झाला तो माझ्या मित्राच्या आईवर, चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, गोराईच्या ख्रिस्ती वस्तीत, मुलाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. लग्नातले मैद्याचे फुगे तळल्याचा वास आला की ती पडवी अजून समोर येते. नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी आणायला बायका बँड लावून विहिरीकडे निघाल्या होत्या आणि ही एकटी पडवीतल्या चुलीपाशी. मी तिला मावशी म्हणायचो. ती चर्च सोडून एका नव्या प्रार्थना मंडळीत जायची. तिथल्या पास्टरनं बजावलं होतं, विहिरीला मान देणं पाप, गेलीस तर मंडळीतून बाहेर. नणंद दारातून ओरडली, "चल गं, देव काय विहिरीत ढकलणारे तुला?" मीही भडकलो, "मावशी, तो पास्टर कोण लागून गेला?" तळता तळताच ती म्हणाली, "हे दारू पिऊन पडायचे तेव्हा चर्चमधलं कोण आलं रे? ही माणसं रोज दारात बसून प्रार्थना करायची. सुटली ना दारू?" बाहेर तिचा नवरा इस्त्रीच्या शर्टात, शुद्धीत, पाहुण्यांना सरबत देत होता. मुलाच्या डोक्यावर आईनं ओतायचा पहिला तांब्या नणंदेनं ओतला. मावशी भिंतीआडून पाण्याचा आवाज ऐकत राहिली. ती मंडळी का वाढते ते आज मला कळतं, राग मात्र तेवढाच आहे. तुम्ही त्या मंडळीत असाल तर येत्या रविवारी उभे राहा आणि पास्टरला विचारा: घर सावरलंत, मान्य, पण त्या घरातल्या आईला मुलाच्या लग्नाबाहेर बसवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?